लाल गोळ्या अकरा

शाळेत त्यांचं नाव मोजबाई पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, तोंडावर नुसतं 'बाई'. पण जिन्यात, मैदानात, पाण्याच्या टाकीपाशी पोरं मोजबाईच म्हणायची आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. मनातून आवडायचंही. पाचवीला त्या विज्ञान शिकवायच्या, आणि धडा कुठलाही असो, आधी काहीतरी मोजायला लावायच्या. मोड आलेल्या बिया मोजा. खिडकीतून दिसणारे पक्षी मोजा. भिंतीला एक हात टेकून एका पायावर किती वेळ उभं राहता येतं आणि हात न टेकता किती, ते मोजा. "मला वाटतं..." असं म्हणत कुणी उठलं की बाई हात वर करून त्याला थांबवायच्या. "वाटतं ते खिशात ठेव. मोजलंस का?"

एकच गोष्ट त्यांना खपत नसे. आकडे फिरवणं. बी उगवली नाही तरी चालेल, फुगा फुटला, पाणी सांडलं, प्रयोग पार फसला तरी बाई हसून घ्यायच्या. पण उत्तर जुळावं म्हणून कुणी दोनाचे तीन केले की त्यांचा चेहरा असा काही बदलायचा की पोरांना घाम फुटे.

अशा या बाईंच्या मानेवर एक गाठ आली. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी महिनाभर ओढणीखाली झाकली. शेवटी नवऱ्यानं डोकं खाल्लं तेव्हा दवाखान्यात गेल्या. तिथं सुई घालून तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "टीबी आहे. घाबरू नका. फुप्फुसात नाही, गाठीत आहे. तुमच्यामुळे कुणाला लागणार नाही. शाळेत जा, शिकवा, सगळं करा. फक्त गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत." मग पाकिटं एकेक करून पुढं सरकवत त्या म्हणाल्या, "यातली ही जी आहे, ती क्वचित कुणाच्या डोळ्यांना त्रास देते. अंधुक दिसायला लागलं, रंग ओळखू येईनात, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. कळलं?"

बाईंनी मान हलवली. पण ऐकत होतं कोण? 'टीबी' या शब्दापाशीच त्यांचे कान बंद झाले होते.

त्यांना मामा आठवत होता. आईचा धाकटा भाऊ, हसवून हसवून पोट दुखवणारा. बाई लहान असताना तो आजारी होऊन त्यांच्या घरी राहायला आला. मागच्या खोलीत खाट, ताट वेगळं, पेला वेगळा; पेल्याच्या बुडावर आईनं खिळ्यानं फुली ओरखडून ठेवलेली. मामा बरा झाला. डॉक्टरांनी तसं सांगितलं, वजन वाढलं, खोकला गेला. फुलीचा पेला मात्र तसाच राहिला. पुढं बाईंच्या लग्नात मामा सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसला आणि त्यानं पिशवीतून आपला पेला काढला. कुणी काही म्हणायच्या आधीच. त्या दिवशी नवरीच्या वेषात बाई कोपऱ्यात जाऊन रडल्या होत्या आणि सगळ्यांना वाटलं होतं, माहेर सुटतंय म्हणून.

"शाळेत कळता कामा नये," दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे निघून दुकानादुकानांत पाव टाकायचा आणि दुपारी पिठाचा वास घेऊन घरी यायचा.

"अगं, पण लागत नाही म्हणाल्या ना त्या?"

"लागत नाही हे तुम्हाला कळलं. चाळीस पोरांच्या ऐंशी आईबापांना कोण समजावणार?"

"बरं बाई. माझ्या तोंडाला कुलूप. लेकीला तरी सांगायचं का?"

"तिलाही नको. तिला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं."

तसं ते दोघांतच राहिलं. सकाळी उपाशीपोटी गोळ्या, वर भरपूर पाणी, मग शाळा. गाठ हळूहळू बसायला लागली, अंगात जीव आला. बाईंना वाटलं, सुटलो.

पुढच्या काही महिन्यांत बारीकसारीक कुरबुरी सुरू झाल्या, पण त्यांचा धागा एकमेकींशी जोडावा असं बाईंच्या मनातही आलं नाही. स्वयंपाकघरातला दिवा मंद झालाय म्हणून त्यांनी नवऱ्याला दोनदा दिवा बदलायला लावला. "आता काय सूर्य आणून टांगू?" तो म्हणाला. बाजारातून आणलेले टोमॅटो पिकलेच नाहीत म्हणून त्या भाजीवाल्याशी भांडून आल्या. फळ्यावरची अक्षरं फिकट दिसतात म्हणून खडूंना शिव्या घातल्या. वर्तमानपत्र वाचताना मधलीच अक्षरं धुऊन निघाल्यासारखी वाटायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल, सुट्टीत बघू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्यांना मोजायला लावणाऱ्या बाईंनी स्वतःच्या बाबतीत 'वाटतं' एवढ्यावरच काम भागवलं.

आणि मग गोळ्यांचा तास आला. औषधाच्या नव्हे, चॉकलेटच्या.

हा प्रयोग दरवर्षीचा. पोरं वर्ष सुरू झाल्यापासून त्याची वाट बघायची. रंगीत साखरेचं कवच असलेल्या चॉकलेटच्या गोळ्यांची पाकिटं बाई आणायच्या आणि चार-चार पोरांच्या गटाला एकेक द्यायच्या. प्रश्न साधा: सगळ्या पाकिटांत सगळे रंग सारखेच असतात का? आधी पाकीट न फोडता अंदाज लिहायचा, कुठला रंग जास्त निघेल तो. मग फोडायचं, रंगवार ढीग करायचे, मोजायचं, चौकटीच्या कागदावर प्रत्येक रंगाचा खांब काढायचा आणि शेजारच्या गटाशी ताडून बघायचं. तोवर एकही गोळी तोंडात टाकायची नाही. ही अट पाळताना पोरांची जी काही घालमेल व्हायची, ती बघण्यासारखी असायची. एकानं तर एकदा गोळी नुसती चाटून परत ढिगात ठेवली होती आणि "खाल्ली नाही बाई, मोजा हवं तर" असं वर तोंड करून सांगितलं होतं.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि वर्गात ट्यूबलाइट लावली होती. खिडकीजवळच्या गटात मुंगी होती. हे तिला वर्गानं दिलेलं नाव. जेमतेम बाकाच्या वर दिसेल एवढी पोर, कधी रिकामी बसायची नाही आणि कधी बोलायचीही नाही. वर्षभरात तिनं आपणहून हात वर केल्याचं बाईंना आठवत नव्हतं. आज मात्र गटाचा कागद तिच्यापुढं होता, मोजणारी ती, खांब रंगवणारीही ती, आणि बाई जवळ येताच तिनं स्वतःहून कागद पुढं केला. गाल फुलले होते.

"बाई, आमचा अंदाज बरोबर आला. आम्ही लिहिलं होतं लाल जास्त. लाल अकरा निघाल्या!"

बाईंनी कागद बघितला. बाकी गटांत लाल रंगाचे आकडे तीन, चार, फार तर पाच असे होते. आणि इथं एकदम अकरा? तेही नेमका अंदाज लाल असताना? बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी बाकावर ढीग शोधले. मुंगीनं ते एव्हाना एकत्र करून कागदी पेल्यात भरले होते. बाईंनी पेला बाकावर पालथा केला आणि बोटानं एकेक गोळी बाजूला सारत मोजलं. पिवळ्या बरोबर. निळ्या बरोबर. लाल?

"तीन," बाई म्हणाल्या. "तीन लाल आहेत इथं. तपकिरीच भरल्यात सगळ्या. अकरा कुठं आहेत?"

मुंगीनं बाकाकडं पाहिलं, मग बाईंकडं. "या काय बाई. या लाल."

"या तपकिरी आहेत."

"नाही बाई, लालच आहेत," तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला. मागच्या बाकावरून कुणीतरी मान उंचावून बघितलं. वर्गात कुजबूज झाली आणि एकदम थांबली. पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. बाईंनी ती शांतता ऐकली आणि तिचा अर्थ उलटाच लावला. त्यांना वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून सगळे गप्प झाले. आणि एकाला वाचवायला दुसरा धावतोय.

"अंदाज खरा ठरावा म्हणून आकडे फिरवलेस?" बाईंचा आवाज चढला. "तू? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. गोळ्या तीन असतील तर तीन लिहायचं, अंदाज चुकला तर चुकला म्हणायचं. यात लाज कसली? लाज खोटं लिहिण्याची वाटायला हवी!" त्यांनी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. "या गटाला गोळ्या मिळणार नाहीत."

मुंगी रडली नाही लगेच. आधी तिनं एक लाल गोळी उचलून डोळ्यांजवळ धरली, जणू आपलंच काही चुकलं का ते बघावं. मग तिचं तोंड वाकडं झालं.

तास संपल्यावर बाई पेला घेऊन तणतणत शिक्षकांच्या खोलीत आल्या. तिथं चित्रकलेचे सर ब्रश धूत उभे होते. बाईंनी पेला त्यांच्यापुढं टेबलावर उपडा केला आणि बोटानं भराभर रंगवार ढीग केले.

"बघा सर, हल्लीची पोरं. या आठ तपकिरी गोळ्या लाल म्हणून लिहिल्या आणि वर मलाच शिकवतात!"

सरांनी गोळ्यांकडं बघितलं. मग हसले. त्यांना वाटलं बाई थट्टा करतायत. "छान फिरकी घेता हं बाई."

"फिरकी कसली?"

"अहो, या लालभडक आहेत की. तपकिरी ही एक, आणि या पलीकडच्या चार. आणि तुम्ही हिरवी म्हणून बाजूला काढलीत ना, ती पण तपकिरीच." बोलता बोलता त्यांचं हसू विरलं. "बाई? बरं आहे ना? बसा. बसा जरा."

बाई खुर्चीत बसल्या. पुढं टेबलावर गोळ्या पसरल्या होत्या आणि त्यांना त्या सगळ्या एकाच चहात बुडवून काढल्यासारख्या दिसत होत्या. 'रंग ओळखू येईनात, तर त्याच दिवशी.' डॉक्टरीणबाईंचं वाक्य आता, इतक्या महिन्यांनी, त्यांच्या कानात शिरलं. 

घरी आल्या तर नवरा स्वयंपाकघरात चहा गाळत होता. बाईंनी खिडकीजवळच्या टेबलावर पाच वाट्या मांडल्या आणि शाळेतून आणलेला गोळ्यांचा पेला मध्ये ठेवला.

"आज काय, पाहुणे येणारेत?"

"बसा इथं. माझी परीक्षा घ्यायचीय." त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज शिकवतानासारखाच ठेवायचा प्रयत्न केला. "मी एकेका डोळ्यानं रंग वेगळे करीन, तुम्ही नुसतं बघायचं. मध्ये बोलायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. शेवटी सांगायचं."

"मी शाळेत कधी पास झालो नाही धड, आणि आता थेट परीक्षक," तो म्हणाला, पण हात पुसून बसला.

बाईंनी उजवा डोळा तळहातानं झाकला. खिडकीतून येणाऱ्या उजेडात एकेक गोळी उचलली, वाटीत टाकली. मग सगळ्या परत मिसळल्या, डावा डोळा झाकला, पुन्हा तेच. नवरा खरोखरच बोलला नाही. इतका वेळ गप्प बसलेला त्याला बाईंनी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच बघितला. शेवटची गोळी टाकून झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, थकल्यासारखे. तेवढ्यात वाट्यांचा बारीकसा आवाज झाला. डोळे उघडले तर नवऱ्याचं बोट एका वाटीत होतं. तो तपकिरी वाटीतल्या गोळ्या हळूच उचलून लालमध्ये टाकत होता.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

तो चोरासारखा थांबला. "थोड्याच चुकल्यात गं. दोन-तीन."

"खरं सांगा."

त्यानं खरं सांगितलं नाही. नुसती मान खाली घातली, आणि बाईंना जे कळायचं ते कळलं. पिठाचा वास येणारा तो भला माणूस टेबलावर कोपर टेकून बसून राहिला. चहा पातेल्यातच गार झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत उशिरा येईन असं कळवून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी ऐकताक्षणी त्यांना डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथं एका तरुण डॉक्टरनं ठिपक्यांची चित्रं पुढं धरली. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा होता. बाईंना ठिपकेच ठिपके दिसले. ज्यांनी आयुष्यभर आकड्यांवर भिस्त ठेवली, त्यांना पानामागून पानं एकही आकडा सापडेना. डॉक्टर नुसता "बरं, पुढचं" म्हणत राहिला, आणि त्या 'बरं'मध्ये काहीच बरं नाही हे लहान पोरालाही कळलं असतं.

"डोळ्याच्या मागच्या नसेवर त्या गोळीचा परिणाम झालाय," तो शेवटी म्हणाला. "ती गोळी आजपासून बंद. बाकीची औषधं तुमच्या डॉक्टर बघून देतील. तुम्ही लवकर यायला हवं होतं."

"परत येईल?"

"बहुतेकांची नजर परत येते. हळूहळू, काही महिन्यांत. काहींची पूर्ण येत नाही."

"माझी?"

"आज नाही सांगता येणार."

परतीच्या वाटेवर बाई गाडीत नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. मागं पावांचे रिकामे ट्रे खडखडत होते. नजर गेली तर काय, हा विचार होताच. पण त्याच्याही पुढं येऊन उभी राहत होती ती मुंगी, गोळी डोळ्यांपाशी धरून स्वतःलाच तपासणारी.

"तिची माफी मागायला हवी," त्या म्हणाल्या.

"मागून टाक. लहान पोर, विसरेलही."

"सगळ्या वर्गासमोर बोलले तिला. माफी पण वर्गासमोर. आणि वर्ग विचारेल, बाई, तुम्हाला लाल का नाही दिसलं? तेव्हा काय सांगू?"

 नवऱ्यानं गिअर बदलला.

त्या शाळेत पोचल्या तेव्हा ठरवून ठेवलेलं सगळं बाजूलाच राहिलं, कारण मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत मुंगीची आई आधीच येऊन बसली होती. ती एका लाँड्रीत इस्त्री करायची. कामाचा एप्रन तसाच अंगावर, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. मुंगी तिच्या खुर्चीला चिकटून उभी.

"माझी पोर काल जेवली नाही," आई म्हणाली. "विचारून विचारून थकले तेव्हा सांगितलं. मी गरीब आहे, शिकलेली नाही, पण माझी पोर खोटारडी नाही. गोळ्यांसाठी तर नाहीच नाही. तुम्ही चाळीस पोरांत तिला खोटं ठरवलंत."

मोठ्या बाईंनी सारवासारव सुरू केली. "हे बघा, बाईंचा हेतू चांगलाच होता. कधी कधी उजेड कमी असतो, बघण्यात चूक होते. बाई, तुम्ही म्हणा बघू तसं. मिटवून टाकू."

वाट मोकळी होती. उजेड कमी होता म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरंच कमी होता. बाईंनी मुंगीकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती.

"उजेडाचा प्रश्न नव्हता," बाई म्हणाल्या. "तिनं बरोबर मोजलं होतं. मला लाल रंग दिसत नाहीये. मी काही महिने टीबीच्या गोळ्या घेतेय, त्यातल्या एकीमुळे झालंय. मला हे माहीत नव्हतं, पण माहीत व्हायला हवं होतं."

 मुंगीच्या आईनं एप्रनचं टोक उचलून तोंडावर धरलं आणि दुसऱ्या हातानं पोरीला मागं ओढलं. ठरवून नव्हे, हात आपोआप गेला. मोठ्या बाईंनी टेबलावरचा आपला चहाचा कप जरासा स्वतःकडं सरकवला.

"मानेच्या गाठीत आहे," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "ती कुणाला लागत नाही. डॉक्टरांना विचारा..." पण त्यांना स्वतःलाच कळत होतं, आता हे कुणी ऐकत नाहीये.

"इतके महिने?" मुंगीची आई म्हणाली. "इतके महिने आमच्या पोरांत वावरलात? चल गं." आणि ती पोरीला घेऊन निघून गेली. माफी तशीच राहिली.

बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडं झाली. दुसऱ्या दिवशी फाटकाशी पालकांचा घोळका. पाचवीत अर्धा वर्ग रिकामा. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण धीराच्याही नव्हत्या. "दाखला आणा, तोवर रजेवर जा," त्या म्हणाल्या. "माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण लोकांना काय सांगू?" बाईंनी जाण्यापूर्वी वर्गात पाच मिनिटं जाऊ द्या म्हणून विनवलं. मोठ्या बाईंनी नको म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी दाखला दिला, शाळेत फोनही केला, मोठ्या बाईंना चांगलं सुनावलं. तरी रजा लांबतच गेली. लेकीला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. ती फोनवर रडली आणि म्हणाली, "आई, मला परकी केलीस तू." 

एके दुपारी त्या उठल्या आणि लाँड्रीत गेल्या. दारातच वाफेचा, ओल्या कापसाचा वास आला. मुंगी आतल्या स्टुलावर बसून हँगरवर चिठ्ठ्या अडकवत होती. तिच्या आईनं इस्त्री उभी केली.

"तिथूनच बोला," ती म्हणाली. कडवटपणे नाही, पण पक्कं.

बाई काउंटरच्या अलीकडंच थांबल्या. टांगलेल्या शर्टांच्या फटीतून त्यांना पोरीचा अर्धाच चेहरा दिसत होता. "तू बरोबर मोजलं होतंस," त्या म्हणाल्या. "अकराच होत्या. मी खोटं म्हटलं तुला. माझं चुकलं."

मुंगीनं हातातली चिठ्ठी हँगरवर अडकवली. मग विचारलं, "तुम्हाला आता काय दिसतं?"

असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. परत येईल का, लागतं का, हे विचारणारे खूप भेटले. बाईंनी दुकानभर नजर फिरवली. "हे सगळे कपडे धुतलेले आहेत ना? मला त्यांच्यावर चहा सांडल्यासारखा दिसतो. तुझा चेहरा मधोमध पुसट आहे. कडेचं बरं दिसतं."

"निळं?"

"निळं दिसतं."

"पिवळं?"

"दिसतं."

मुंगीनं मान हलवली, एखाद्या डॉक्टरसारखी. "तुम्ही वर्गात सांगाल?"

"सांगेन. मला वर्गात जाऊ दिलं की पहिल्यांदा तेच."

आईनं पुन्हा इस्त्री उचलली.  बाई परत फिरल्या.

वर्गात जायला मिळालं ते थेट पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. ती पोरं सहावीत गेली होती. बाई मोठ्या बाईंची परवानगी काढून सहावीच्या वर्गात गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुणी खोटं लिहिलं नव्हतं, चूक माझी होती, ही अशी. निम्म्या पोरांना प्रकरण आठवतही नव्हतं, एकानं तर "मग बाई, त्या गोळ्यांचं काय झालं?" असं विचारलं आणि वर्ग खो खो हसला. मुंगी मात्र लालबुंद झाली असावी. बाईंना रंग कळला नाही, पण तिनं दप्तरात तोंड खुपसलं ते दिसलं. सगळं पुन्हा उकरून काढल्याचं तिला अजिबात आवडलं नव्हतं. ज्यासाठी बाई इतके महिने झुरल्या, ते ऐकायच्या वेळी तिला ते नकोच होतं. बाई पाय ओढत बाहेर पडल्या.

औषधं पुरी झाली, गाठ गेली. डोळे बरेच सुधारले, सगळे नाही. डॉक्टरनं पुन्हा ठिपके दाखवले तेव्हा काही पानांवर आकडे दिसले, काहींवर नाही. "यापुढं फार फरक पडेल असं वाटत नाही," तो म्हणाला. उन्हात बाईंना लाल ओळखू येतं. ट्यूबलाइटखाली ते गंजल्यासारखं दिसतं आणि हिरवंही तपकिरीत मिसळून जातं. अजूनही दरवर्षी एखादे पालक मोठ्या बाईंना भेटून आपलं मूल दुसऱ्या तुकडीत घाला म्हणतात. मुंगीच्या धाकट्या भावालाही तिच्या आईनं दुसऱ्याच तुकडीत घातलं. 

वह्या तपासायला त्यांनी लाल पेन सोडून निळं घेतलं. पोरं निळ्या शाईनंच लिहितात, त्यामुळं बाईंचं कुठलं आणि पोराचं कुठलं हे घरी कुणाला कळत नाही आणि तक्रारी येतात. मोठ्या बाईंनी एकदा विचारलं, हिरवं का वापरत नाही? "हिरवं? ट्यूबलाइटखाली? मला?" बाई म्हणाल्या.

"हो हो, खरंच की," मोठ्या बाई ओशाळून म्हणाल्या, आणि पुढचा गठ्ठा त्यांच्याकडं सरकवला.